मंत्र त्याचा, वारं तिचं

इंदापूरहून बारामतीला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी भाचीची मुलगी बसली होती. वय वर्षं अकरा. मांडीवर हॅरी पॉटरचं जाडजूड पुस्तक. निमगाव केतकी गेलं, लासुर्णं गेलं, भवानीनगरच्या कारखान्याचा गोडूस आंबट वास गाडीत शिरला तरी तिनं मान वर केली नाही. मग एकदम पुस्तक मिटून म्हणाली, ''नाना, या जादूच्या शाळेत मुलं-मुली बरोबरीनं शिकतात. शाळा काढणारे चौघं होते, त्यांत दोन बायका होत्या. मग आपल्याकडं मांत्रिक म्हणजे नेहमी बाप्याच का?''

मी म्हटलं, ''सांगतो, बारामती येऊ दे.'' बारामती आली, पण उत्तर काही आलं नाही. मी पडलो कवी. शिक्षण बारामतीतच बी.ए.पर्यंत. जादूटोण्यावर माझा विश्वास नाही, मात्र ज्या घरात वाढलो त्या घराची चूल काही वर्षं त्यावरच पेटत होती. त्यामुळं नातीनं सहज विचारलेला प्रश्न मला सहज सोडून देता आला नाही. आज बोलतोय तो त्याच प्रश्नाबद्दल.

सुरुवात शब्दांपासून करू. कवीला तेवढंच येतं. मांत्रिक, पंचाक्षरी, भगत, देवऋषी, गुरव, जाणता. हे सगळे पुल्लिंगी. यांना लोक घरी बोलावतात, पाट देतात, नारळ आणि दक्षिणा देतात. आता दुसरी रांग बघा : चेटकीण, डाकीण, जखीण, हडळ. यांना कुणी पाट देत नाही. 'मांत्रिकीण' हा शब्द मी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकला नाही. 'भगतीण' म्हटलं की आमच्याकडं पहिल्यांदा भगताची बायकोच डोळ्यांपुढं येते. एकच विद्या, पण ती पुरुषाच्या हातात असली की इलाज आणि बाईच्या हातात असली की अपराध, असा हा भाषेचा न्याय आहे.

मेल्यानंतरही हा न्याय सुटत नाही. लोकसमजुतीतली भुतं पाहा. सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. इस्टेटीत जीव अडकलेला माणूस समंध होतो. म्हणजे पुरुषाचं भूत हे संस्कार नाहीतर मालमत्ता अपुरी राहिल्यामुळं होतं. आणि बाई? बाळंतपणात किंवा विटाळात मेली की हडळ. तिचं भूतसुद्धा तिच्या शरीरातूनच निघतं. (खवीस तेवढा आमच्या वाट्याला दिलेला आहे. अरबीतल्या 'खबीस'वरून आलेला हा शब्द मराठीत मुसलमानाचं भूत म्हणून नांदतो. मराठीनं आम्हाला जिवंतपणी सामावून घेतलंच, मेल्यावरही जागा राखून ठेवली, याबद्दल माझी तक्रार नाही.)

ही सगळी माहिती आपल्यापर्यंत कशी आली, हेही पाहण्यासारखं आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमवली होती. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. पुढं एन्थोवेन यांनी त्या कागदांवर काम करून १९२४ साली 'द फोकलोअर ऑफ बॉम्बे' हे पुस्तक काढलं. प्रश्न विचारणारा साहेब, उत्तर लिहिणारा मास्तर. त्या काळी खेड्यात मास्तर म्हणजे पुरुष. चेटकिणीविषयी पानंच्या पानं आहेत, पण चेटकीण म्हणवली गेलेली बाई स्वतः काय म्हणाली असती, हे विचारायला कुणी गेलं असेल असं वाटत नाही.

पुरुषाच्या जादूला गावगाड्यात हक्क होता. वऱ्हाड-नागपूरकडं गारपगारी नावाचा गावनोकर असे. पिकावर गारा पडू नयेत म्हणून त्यानं मंत्र म्हणायचे, आभाळाशी भांडायचं आणि खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. आमच्या भागात मुलाणी हा अलुतेदारांतला एक. बकऱ्याच्या मानेवर सुरी फिरवताना कलमा म्हणायचा हे त्याचं मूळ काम. पण ताईत लिहिणं, पाणी फुंकून देणं, लहान लेकराच्या दंडाला गंडा बांधणं हे ओघानं त्याच्याकडं येई. हिंदू घरांतूनही येई. आणि बाळंतपण करणारी सुईण? पुष्कळ गावांत हे काम मांगीण किंवा न्हावीण करी. गावातलं प्रत्येक लेकरू तिच्या हातात पहिल्यांदा रडायचं. तरीही बारा बलुतेदारांत सुईण म्हणून तिचं वेगळं नाव नाही. खळ्यावरचा वाटा असलाच तर नवऱ्याच्या नावानं.

याचा अर्थ बायकांकडं काहीच नव्हतं असा नाही. घरातली दृष्ट काढते ती बाईच. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही तर नजर जबर होती, असा सगळा हिशोब तिच्यापाशी. माझी दादीही हेच करी, फक्त तोंडानं आयती पुटपुटे. पण याला कुणी विद्या म्हणत नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत. बाळाच्या पाचवीला सटवाई पुजतात ती रात्रही बायकांचीच. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. मला हे नेहमी विलक्षण वाटत आलंय. ज्या घरातल्या एकाही बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नसे, त्या घरात रात्री एका बाईसाठी, ती देवता का असेना, लेखणी मांडून ठेवलेली असे.

माझ्या मते खरी ग्यानबाची मेख या लेखणीतच आहे. मंत्र शिकायला गुरू लागतो, पंचांग वाचायला अक्षर लागतं, ताईत लिहायला कलम आणि जाफरान लागतं. अक्षर पुरुषांकडं होतं. बारामती म्हणजे मोरोपंतांची बारामती. पंतांनी १०८ रामायणं रचली. एकात ओठांनी उच्चारायचं अक्षरच येऊ द्यायचं नाही, एकात मंत्राची अक्षरं ओवून टाकायची. अक्षरांशी असा खेळ करायला आयुष्यभर अक्षरांत राहावं लागतं. कवी म्हणून मला पंतांचा हेवा वाटतो. पण कऱ्हेच्या घाटावर त्याच वेळी धुणं धूत असलेल्या बायकांपैकी कितीजणींना त्या अक्षरांचा वास तरी लागला असेल?

ज्याला अक्षर नाही त्याला उरतं फक्त अंग. म्हणून पुरुष मंत्र म्हणतो आणि बाईच्या अंगात येतं. वारं यायला शाळा लागत नाही, गुरू लागत नाही. वर्षभर सासूपुढं वर न पाहणारी सून मंगळवारी केस मोकळे सोडून घुमू लागली की सासू तिच्या पाया पडते. तेवढाच घटकाभर मान. मात्र तिथंही फरक आहेच. कोल्हापूरकडं पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रांत छापून येते. पुरुषाच्या अंगात आलं की भाकणूक होते. बाईच्या अंगात आलं तर लोक आधी विचारतात, हे देव आहे की बाधा? आणि त्याचा निवाडा करायला बोलावतात कुणाला, तर भगताला. काही बायकांचं वारं गाव मानतं, त्यांच्याकडं मंगळवार-शुक्रवार रांगा लागतात, हे मी पाहिलेलं आहे. पण त्यांच्याही शेजारी देवीचं बोलणं 'उलगडून' सांगणारा एक बाप्या बहुतेक बसलेला असतो.

गंमत अशी, की पुरुषालाही शक्ती हवी असली की बाईचं रूप घ्यावंसं वाटतं. मरीआईचा पोतराज आठवा. कमरेला चिंध्यांचा घागऱ्यासारखा घोळ, लांब केस, कपाळभर हळदकुंकू. देवीचा देव्हारा डोक्यावर घेऊन आणि ढोलकं बडवून जिचे हात दुखतात ती त्याची बायको. अंगावर आसूड ओढून पैसे मागतो तो हा. यल्लम्माचा जोगत्या लुगडं नेसतो. आणि रंगभूमीवर रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण मराठी पोरांनी पाहिली ती आधी दिलीप प्रभावळकरांच्या रूपात, पुढं २०१८ सालच्या प्रयोगांत वैभव मांगल्यांच्या. दोघांनीही मजा आणली. पण चेटकिणीचा वेशही पुरुषानंच करावा, हा योगायोग मला उगाच हसवतो.

जुन्या कथांत याच्या उलट जाणारी एक गोष्ट आहे. चांगदेव मोठा सिद्ध. चौदाशे वर्षं काळाला चुकवलेला, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला आलेला. आणि त्याला गुरू मिळाली कोण, तर मुक्ताबाई, एवढीशी पोर. सिद्धींचा सारा पसारा तिच्यापुढं फिका पडला. कथा आहे, इतिहास नव्हे. पण ती ज्या लोकांनी सांगितली, शेकडो वर्षं जपली, त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी निराळं होतं म्हणायचं. दुसरीकडं मालूकवीच्या 'नवनाथ भक्तिसारा'त, म्हणजे १८१९ साली पुऱ्या झालेल्या पोथीत, मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकून पडतो आणि शिष्य गोरक्ष त्याला सोडवून आणतो. बायकांचं राज्य असतं ते असं दूर, परमुलखात. आणि तिथून पुरुषाला सोडवावं लागतं.

आता ज्या बाईच्या हातात खरोखरच लेखणी होती तिचं काय झालं ते पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत दोष आला राघोबादादांवर. पण मराठी माणसाला विचारा, 'ध' चा 'मा' कुणी केला? आनंदीबाईनं. 'धरावे'चं 'मारावे' तिनं केलं, याला भक्कम पुरावा नाही. तरी अडीचशे वर्षं झाली, नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, वाक्प्रचार होऊन बसला. एक अक्षर फिरवून माणूस मारणं, याहून मोठं चेटूक कोणतं? आणि ते ठेवलं लिहित्या-वाचत्या बाईच्या माथी. राघोबादादांची आत्या भिऊबाई ही बारामतीकर नाईकांच्या घरातली सून, म्हणजे हे आमच्या गावच्या सोयऱ्यांतलंच प्रकरण. मोरोपंत त्याच नाईकांच्या पदरी होते. पंत आणि आनंदीबाई दोघंही १७९४ साली गेले. एकाची अक्षरं पुण्य ठरली, दुसरीचं एकच अक्षर, तेही न लिहिलेलं, तिला पुरून उरलं.

आमच्या धर्मातही हा पेच आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. वाईट नजरेपासून, जादूपासून आसरा मागण्यासाठी कुराणातली जी छोटी सूरत लहान मुलंसुद्धा पाठ करतात, तिच्यात गाठींवर फुंकर मारणाऱ्यांचा उल्लेख आहे. अरबीत तो शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. पण या सूरतीशी परंपरेनं जी हकिकत जोडली आहे, तिच्यात जादू करणारा लबीद नावाचा पुरुष आहे. मग शब्द स्त्रीलिंगी का? भाष्यकारांनी यावर बराच खल केला आहे. कुणी म्हणतं, बायकाच अभिप्रेत आहेत. कुणी म्हणतं, 'जीव' या अर्थाचा अरबी शब्दच स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण तसं. मी आलिम नाही. मला व्याकरणाचा दुसरा अर्थ पटतो, एवढंच सांगतो. आमच्या मोहल्ल्यात मात्र पहिलाच अर्थ चालतो.

युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकाच्या आरोपाखाली चाळीस-पन्नास हजार माणसं मारली गेली, त्यांत साधारण चारांत तीन बायका. पण आइसलँडमध्ये सतराव्या शतकात जे २१ जण जाळले त्यांत बाई एकच. कारण? तिथं जादू म्हणजे रुन नावाची जुनी अक्षरं कोरणं, आणि ती विद्या पुरुषांची. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. जिथं अक्षराला विद्या म्हणून मान होता तिथं मांत्रिक पुरुष. आणि जिथं अक्षरच गुन्हा ठरलं तिथं जळाला तोही पुरुष.

आता घरची गोष्ट. भीमेकाठचं आमचं गाव उजनी धरणात गेलं तेव्हा मी लहान होतो. अब्बा गावचे मुलाणी. ताईत लिहीत. अक्षर सुरेख. लोक 'मुलाणीकाका' म्हणून मान देत. त्यांची थोरली बहीण, आमची फुफी, विधवा होऊन माहेरी आलेली. ती बाळंतपणं करी. कोणत्या पाल्यानं कळा येतात, बाळ आडवं असेल तर पोट कसं चोळायचं, हे तिला ठाऊक होतं. एका पावसाळ्यात एकाच आळीत दोन बाळंतपणं बिघडली. दोन्ही पोरं गेली, एक आईही गेली. मग कुजबुज सुरू झाली, 'फुफीच्या नजरेत काहीतरी आहे'. गरोदर बायका तिला पाहून पदर ओढून घेऊ लागल्या. आडावर ती गेली की बाकीच्या घागरी उचलून मागं सरत.

आणि लोक तिच्या नजरेपासून ताईत मागायला आले. कुणाकडं? अब्बांकडं. तिच्याच भावाकडं, तिच्याच दारात. पायली-दोन पायली ज्वारी घेऊन.

अब्बांनी ताईत लिहून दिले.

हे मला अब्बा गेल्यावर अम्मानं सांगितलं. मी चिडलो. अम्मा म्हणाली, ''ते म्हणायचे, मी नाही म्हटलं तर लोक दुसऱ्याकडं जातील, आणि मग सगळ्या घरावरच बोट येईल. कागदावर काय लिहायचे माहीत आहे? तिच्यासाठीच दुवा लिहायचे. लोकांना कुठं वाचता येत होतं?'' हे खरं की अम्मानं माझ्यासाठी लावलेलं ठिगळ, मला आजतागायत कळलेलं नाही. खरं असलं तरी फुफीला काय फरक पडला? तिलाही वाचता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढून लोक दंडाला ताईत बांधून जात होते आणि अक्षर भावाचं होतं, एवढंच तिला दिसत होतं. धरणग्रस्तांच्या वसाहतीत यायचं ती नाही म्हणाली. लांबच्या एका नात्यात गेली आणि दोन वर्षांत वारली.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. त्यात जोशी येतो आणि गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून नवरा-बायकोला लुबाडतो. शेवटी ती दोघं कुठं जातात? जोतीरावांच्या रात्रशाळेत, लिहायला-वाचायला शिकायला. मी ते नाटक बी.ए.ला असताना वाचलं, तेव्हा शेवट जरा बाळबोध वाटला होता. अम्माची हकिकत ऐकल्यावर पुन्हा वाचलं. बाळबोध वाटला नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी सातपुड्यात डाकीण प्रथेविरुद्ध फिरत होते, ते अशाच बायकांसाठी. तिथंही 'डाकीण कोण' ते भगत सांगतो आणि ती बहुधा बाई निघते; पुष्कळदा विधवा, पुष्कळदा जिच्या वाट्याला थोडी जमीन आहे अशी. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकमावर राज्यपालांची सही झाली आणि डिसेंबर २०१३मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, चेटूक करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यातला एक गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. झारखंडच्या छुटनी महतो यांना डायन ठरवून गावातून हाकललं होतं. त्यांनी पुढं अशाच बायकांना आसरा दिला आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फुफीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. अर्थात कायदा असता तर पहिलं नाव अब्बांचं आलं असतं का, हाही विचार मनात येऊन जातो.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, बघायला गर्दी होते. आमच्या गावाला देऊळ असं दिसण्यासारखं काही नाही. थोडे चौथरे, आडाचं कडं, दगडी उखळ. एका उन्हाळ्यात नातीला घेऊन गेलो. तोवर तिला फुफीची गोष्ट सांगून झाली होती. चिखल वाळून भेगाळलेला, वर बगळे. ती म्हणाली, ''नाना, फुफीचं घर कोणतं?''

मला आठवत नव्हतं. मी आडाजवळच्या एका चौथऱ्याकडं अंदाजानं बोट केलं. ती तिथं जाऊन बसली, दप्तरातून पेन काढलं आणि मला विचारलं, ''फुफीचं नाव काय होतं? खरं नाव?''

ते मला माहीत होतं. मी सांगितलं, तिनं वहीत लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)